कंबर वाचवणारी सहा तत्त्वे

सोयाबीनची सोंगणी आटोपते, पोती भरली जातात आणि त्याच सुमारास घरोघरी कंबरदुखी सुरू होते. "फादर, आम्ही दिवसभर राबतो. आम्हाला आणखी व्यायाम कशाला?" असे धार-देवासकडचे शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु कष्टात आपले लक्ष काम उरकण्याकडे असते. शरीर कसे वाकले, याकडे नसते. दुखणे येते ते तिथूनच.

जोसेफ पिलाटेस यांनी नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. (नाव ऐकून पिलाताची आठवण होईल, पण त्याचा येथे संबंध नाही!) १८८३ साली जर्मनीत जन्मलेले हे गृहस्थ लहानपणी दम्याने आजारी असत. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आपली व्यायामपद्धती शिकवली. तिला ते 'कंट्रोलॉजी', म्हणजे ताब्याचे शास्त्र, म्हणत. १९६७ साली ते वारले. त्यांच्या शिकवणुकीची सहा तत्त्वे नंतर त्यांच्या अनुयायांनी मांडली: एकाग्रता, ताबा, केंद्र, श्वास, अचूकता आणि ओघ.

यांतले केंद्र म्हणजे पोट, कंबर आणि ओटीपोट. पोटाच्या आत खोलवर एक स्नायू कमरपट्ट्यासारखा गुंडाळलेला असतो. तो आवळला की कण्याला आधार मिळतो. हातपाय हलवण्याआधी हा पट्टा आवळावा, हे या पद्धतीचे मर्म होय.

श्वासाचे मोल देवासला वेगळे सांगायला नको. पंडित कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन येथे आले. एक फुप्फुस निकामी झाले. तरीही १९५३ साली ते पुन्हा मैफलीत गायले. लांब दमाऐवजी छोट्या, जोरकस स्वरावलींनी त्यांनी आपले गाणे नव्याने उभे केले. श्वास थोडा असला तरी तो जाणून वापरला, तर केवढे काम होते!

आता पोते उचलण्याचेच पाहा. पोत्याच्या अगदी जवळ उभे राहावे. पाय थोडे फाकवून गुडघ्यांत व मांडीच्या सांध्यात वाकावे. पाठ सरळ ठेवावी. पोट किंचित आत घ्यावे आणि श्वास सोडीत उठावे. दम रोखू नये, हिसका देऊ नये. वळायचे असल्यास कंबर पिळू नये, पावले वळवावीत. पोते जड असेल तर दोघांनी धरावे. त्यात कमीपणा नाही.

रात्री सतरंजीवर उताणे पडून गुडघे उभे करावेत. सावकाश श्वास सोडीत बेंबी आत ओढावी आणि एक टाच जमिनीवरून सरकवीत पाय लांब करावा. श्वास घेत तो परत आणावा. कंबर हलता कामा नये. दोन्ही पायांनी आठ-आठ वेळा पुरे. घाईने केलेल्या पन्नासांपेक्षा नीट केलेले आठ बरे. अचूकता ती हीच.

दुखणे पायात उतरत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशा वेळी कोणाकडून पाठ तुडवून घेऊ नये.

बैलाच्या खांद्याला जू घासू लागले की आपण लगेच पाहतो. आपल्या कमरेकडेही तेवढेच लक्ष द्यावे.