खतना : संशोधन आणि संस्कृतीचा युक्तिवाद

दाऊदी बोहरा समाजात सुमारे सात वर्षांच्या मुलीच्या योनिलिंगावरील त्वचेचा अंश कापण्याची प्रथा आहे. तिला खतना किंवा खफ्ज म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना ती स्त्री-जननेंद्रियांच्या विच्छेदनात मोजते.

प्रथा गुप्त असल्याने तिची मोजदाद अवघड आहे. २०१७ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले, की अधिकृत आकडेवारीच नाही. मुंबईत सुरू झालेल्या ‘सहियो’ संस्थेने ३८५ बोहरा स्त्रियांची ऑनलाइन पाहणी केली. त्यांतल्या ८० टक्के स्त्रियांचा खतना झाला होता. मात्र अशा पाहणीत ज्या बोलायला तयार असतात, त्याच उत्तर देतात. म्हणून हा आकडा साऱ्या समाजाला लावता येत नाही.

सांस्कृतिक सापेक्षतावाद सांगतो, की प्रथा तिच्या समाजाच्या चौकटीत समजून घ्यावी. अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेने १९४७ साली याच भूमिकेतून वैश्विक मानवी हक्कांविषयी शंका मांडली होती. खतनाचे समर्थन करणाऱ्या बोहरा स्त्रियाही विचारतात : मुलग्यांची सुंता चालते, मग हे का नाही? प्रश्न टाळण्याजोगा नाही. पण विरोधाचा आवाजही त्याच समाजातल्या स्त्रियांचा आहे; तो ‘बाहेरचा’ ठरवता येत नाही.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयातले खतनाविषयीचे प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले. कायद्याचा निर्णय न्यायालयाचा; प्रथा समजून घेणे हे संशोधकाचे काम आहे. पण समजून घेणे म्हणजे मान्यता देणे नव्हे. सात वर्षांची मुलगी संमती देऊ शकत नाही, हा मुद्दा कोणत्याही संस्कृतीत बदलत नाही.