विश्लेषण : वादळात पडलेले अनोळखी झाड चुलीत घालावे का?

पावसाळ्याच्या तोंडावर वादळी वाऱ्याने झाडे पडली की गावोगावी सरपणाची बेगमी सुरू होते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात तर वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. आंबा, फणस, बाभूळ कोणीही ओळखते. पण बांधावर किंवा खाडीकाठी पडलेले झाड ओळखीचे नसेल, तर ते जाळणे सुरक्षित आहे का?

ओळख पटवणे गरजेचे का?

चांगले वाळलेले लाकूड कोणत्याही झाडाचे असले, तरी किलोमागे मिळणारी उष्णता साधारण सारखीच असते. फरक पडतो तो घट्टपणाचा. बाभूळ, चिंच, ऐन, सुरू यांचे लाकूड जड असते. त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. सावर, पांगारा, शेवगा हलके असल्याने भुरुभुरु जळून जातात. म्हणजे झाड ओळखता आले नाही, तर उष्णतेच्या हिशेबात फारसे बिघडत नाही. खरा धोका आहे तो विषारी झाडांचा.

कोणती झाडे चुलीत घालू नयेत?

पहिले नाव बिब्याचे. याच्या फळातील काळे तेल पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी वापरत. तेच तेल अंगाला लागले की फोड येतात. लाकूड जाळताना निघणाऱ्या धुरानेही चेहरा सुजू शकतो. बिब्याची मोठी, खरखरीत पाने फांदीच्या टोकाशी गुच्छाने असतात.

दुसरे कण्हेर. लाल-पांढरी असो वा पिवळी, तिच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. तिच्या काडीवर कणीस किंवा मासळी भाजणेही धोक्याचे.

खाडीकाठचा गेवा आणि कुंपणाचा शेर ही आणखी दोन नावे. दोन्हींचा पांढरा चीक डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होतो, काही काळ दिसेनासेही होऊ शकते. गेवा तोडताना आणि जाळताना दोन्ही वेळा त्रास देतो.

झाड ओळखायचे कसे?

सर्वात आधी झाडाखाली किंवा फांद्यांत विजेची तार अडकली आहे का, हे लांबूनच पाहावे. तार दिसल्यास जवळ न जाता १९१२ या क्रमांकावर कळवावे.

त्यानंतर पाने सुकण्याआधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत : पानाची वरची व खालची बाजू, फांदीवरील पानांची मांडणी, साल, तुटलेला भाग आणि असल्यास फूल-फळ. सालीवरूनही बरेच कळते. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची असते. बाभळीची साल काळपट, उभ्या भेगांची आणि काटे पांढरे, जोडीने येणारे. सावरीच्या खोडावर, विशेषतः कोवळ्या झाडाच्या, शंकूसारखे काटे असतात. सुरूची ‘पाने’ म्हणजे सांधे असलेल्या हिरव्या काड्या.

तुटलेल्या फांदीतून पांढरा किंवा हवेत काळा पडणारा चीक येत असेल, तर हात लावू नये. चीक असलेले प्रत्येक झाड विषारी नसते. आंब्यालाही चीक असतोच. पण ओळख पटेपर्यंत लांब राहिलेले बरे. फोटोवरून नाव सांगणारी ॲप मदत करतात, मात्र त्यांचे उत्तर अंतिम मानू नये. गावातील जाणती मंडळी, वनरक्षक किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे शिक्षक यांच्याकडून खात्री करून घ्यावी.

पडलेले झाड कोणीही नेऊ शकतो का?

नाही. रस्त्याकडेचे झाड पडले, तरी त्याची मालकी बदलत नाही. ते ग्रामपंचायत, पालिका किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचेच राहते. साग, खैर, चंदन, आंबा, फणस, ऐन अशी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यामुळे ती स्वतःच्या जमिनीत पडली, तरी तोडण्या-नेण्याआधी वन विभागाकडे विचारणा करावी. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात राज्यभर बंदी घातली आहे.

लगेच जाळले तर चालते का?

ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. ते आटवण्यातच उष्णता वाया जाते आणि धूर घरभर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातील प्रदूषित हवेमुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. म्हणून ओंडके फोडून, जमिनीपासून थोडे वर, पाऊस लागणार नाही पण वारा लागेल असे रचावेत. सहा महिने ते वर्षभरात ते वाळतात. टोकांना चिरा पडल्या, साल सुटू लागली आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला, की सरपण तयार झाले.

ओळख पटलीच नाही तर?

तर ते लाकूड चुलीत, बंबाखाली किंवा शेकोटीतही घालू नये. गुरे आणि मुले फिरकणार नाहीत अशा कोपऱ्यात कुजू द्यावे. काही दिवसांचे जळण वाचवण्यासाठी घरातल्यांच्या डोळ्यांशी आणि छातीशी खेळणे परवडणारे नाही.