विश्लेषण : देशातील पहिली महिला डॉक्टर कोण? आनंदीबाई, कादंबिनी की रखमाबाई?

गुगलने २०१७ मध्ये डॉ. रखमाबाई, २०१८ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी आणि २०२१ मध्ये डॉ. कादंबिनी गांगुली यांच्यावर डुडल केले होते. या तिघींच्याही नावामागे ‘पहिली महिला डॉक्टर’ हे बिरूद अनेकदा लावले जाते. मग नेमके खरे काय?

महिला डॉक्टरांची गरज का भासली?

पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेणे एकोणिसाव्या शतकातील अनेक स्त्रियांना परवानगी नसल्याने किंवा संकोचामुळे शक्य नव्हते. अवघड बाळंतपणातही उपचार मिळत नसत. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून सुरू होते, पण ते मुलांसाठी. मुलींना प्रवेश देण्यात मद्रास मेडिकल कॉलेजने आघाडी घेतली. तेथे १८७५ मध्ये चार विद्यार्थिनी दाखल झाल्या. मुंबईत जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी निधी उभारला. त्यातून इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावण्यात आले, ग्रँट मेडिकलची दारे मुलींसाठी उघडली आणि १८८६ मध्ये स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

आनंदीबाई जोशी : पदवी मिळाली, पण...

कल्याणच्या आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत दगावले. येथूनच त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. पती गोपाळराव यांनी त्यांच्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला एकट्या गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयाची एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही ठरली होती. मात्र क्षयाने त्यांना ग्रासले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी वयाची २२ वर्षेही पूर्ण केली नव्हती.

कादंबिनी गांगुली : देशातच शिक्षण

योगायोग असा की, १८८६ हेच कादंबिनी यांचेही वर्ष. कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून शिक्षण घेऊन त्यांना वैद्यकीय व्यवसायाची परवानगी मिळाली. पुढे १८९३ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमध्ये आणखी पदविका मिळवल्या. कलकत्त्यात त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

रखमाबाई : आधी न्यायालय, मग दवाखाना

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच राहिल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन स्वतः वैद्यकीय क्षेत्रातले होते. १८८४ मध्ये दादाजींनी, पत्नीने नांदायला यावे, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा केला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये आदेश आला : नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. या खटल्याने संमतिवयाची चर्चा पेटली आणि १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ करण्यात आले.

१८८९ मध्ये डॉ. पीची यांच्या मदतीने रखमाबाई लंडनला गेल्या. १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण करून परतल्यावर सुरत आणि राजकोट येथील महिला रुग्णालयांत त्यांनी सुमारे ३५ वर्षे काम केले. १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

मग ‘पहिली’ कोण?

प्रश्न पदवीचा असेल तर उत्तर आनंदीबाई आणि कादंबिनी, दोघींचेही वर्ष १८८६. देशातच शिकून व्यवसाय केला, असे म्हणायचे असेल तर कादंबिनींचे नाव घ्यावे लागते. रखमाबाई कालक्रमाने या दोघींनंतरच्या. पण डॉक्टर होण्यासाठी त्यांना आधी स्वतःच्या आयुष्यावरचा हक्क मिळवावा लागला. खटला सर्वांना आठवतो, रुग्णालयातली ३५ वर्षे मात्र फारशी कोणी सांगत नाही. स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत एकाच नावाला गुण मिळतील, पण प्रत्यक्षात या तिघींनी तीन वेगवेगळे अडथळे ओलांडले होते.