वाद्यांची घडण – लेखांक ११ : सुट्या भागांची इलेक्ट्रिक गिटार

वेगवेगळ्या ठिकाणांहून भाग आणून इलेक्ट्रिक गिटार जोडता येते, याचे श्रेय मुख्यतः लिओ फेंडर यांच्या एका निर्णयाला द्यावे लागते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती. मात्र बिघडलेला भाग चटकन काढून त्या जागी दुसरा बसवता यावा, ही दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी त्यांच्याकडे होती. १९५० साली त्यांनी बाजारात आणलेल्या आणि पुढच्या वर्षापासून टेलिकास्टर या नावाने ओळखल्या गेलेल्या गिटारची नेक सरसाने चिकटवलेली नव्हती. चार स्क्रू आणि एक धातूची पट्टी यांनी ती बॉडीला आवळलेली होती. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तर तिन्ही पिकअप, स्विच आणि नॉब एकाच प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर बसवले होते. स्क्रू काढले की सारी विद्युत यंत्रणा हातात येते. मिरजेचा सतारमेकर दांडी आणि भोपळा एकमेकांना जुळवत घडवतो, म्हणून एका सतारीची दांडी दुसरीला जशीच्या तशी बसत नाही. गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉलचेही तसेच आहे, कारण तिची नेक बॉडीत कायमची चिकटवलेली असते. फेंडरची गिटार मात्र ठरलेल्या मापांवर उभी आहे, आणि ती मापे पाळणारा भाग कोणत्याही कारखान्यातला असला तरी चालतो.

वादकांनी याचा फायदा लवकरच उठवला. एरिक क्लॅप्टन याने १९७० साली नॅशव्हिलमधील एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. त्यांतल्या तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिन्हींचे उत्तम भाग एकत्र करून एक काळी गिटार तयार केली. ‘ब्लॅकी’ नावाची ही गिटार २००४ च्या लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरना गेली. सत्तरच्या दशकातच सुट्या भागांचा स्वतंत्र धंदाही उभा राहिला. डिमार्झिओचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ पिकअप १९७२ मध्ये आला, तर १९७६ मध्ये शेक्टर आणि सेमूर डंकन या कंपन्या सुरू झाल्या. एडी व्हॅन हेलन याने पन्नास डॉलरची बॉडी, ऐंशी डॉलरची नेक आणि गिब्सनच्या एका जुन्या गिटारमधून काढलेला पिकअप यांतून जी गिटार जोडली, ती १९७८ च्या ‘व्हॅन हेलन’ या पहिल्या अल्बमवर ऐकू येते. पिकअपची शिट्टी थांबावी म्हणून त्याने तो वितळलेल्या मेणात बुडवला, आणि सगळे नॉब काढून आवाजाचा एकच ठेवला.

जोडणीची सुरुवात नेकपासून करावी, कारण सगळी मापे तिच्यावर ठरतात. पहिले माप तारेच्या लांबीचे, म्हणजे स्केलचे. फेंडर पद्धतीत नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा आधार) २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिमी. गिब्सन पद्धतीत २४.७५ इंचांच्या आसपास. फ्रेटच्या जागा या लांबीवरून गणिताने निघतात. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागले की पुढच्या फ्रेटचे अंतर मिळते. त्यामुळे ६४८ मिमीच्या नेकवर पहिला फ्रेट नटपासून ३६.४ मिमीवर आणि बारावा बरोबर निम्म्यावर, ३२४ मिमीवर पडतो. ही गोष्ट उपयोगाची आहे. कोणत्याही अनोळखी नेकचे स्केल समजून घ्यायचे असेल, तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करावे. बॉडीवर ब्रिजची जागा एका स्केलसाठी कोरलेली असते आणि नेक दुसऱ्या स्केलची आली, तर अशी गिटार कधीच सुरात येत नाही. फेंडरच्या बॉडीवर आखूड स्केल हवेच असेल, तर त्यासाठी खास आखलेली नेक मिळते. तिच्यात नट पुढे सरकवलेला असतो आणि ब्रिज जागच्या जागी राहतो. फ्रेट २१ आहेत की २२, याने मात्र स्केल बदलत नाही. बाविसावा फ्रेट बॉडीवर पुढे आलेल्या पट्टीवर असतो.

दुसरे माप सांध्याचे. नेकची टाच फेंडर पद्धतीत सुमारे ५६ मिमी रुंद आणि एक इंच जाड असते, आणि बॉडीतील खाच ५/८ इंच, म्हणजे सुमारे १६ मिमी खोल. या दोन आकड्यांतल्या फरकामुळे फ्रेटबोर्ड बॉडीपासून किती उंच राहतो आणि ब्रिजची सॅडल (तारा टेकवणारे छोटे तुकडे) किती वर उचलावी लागतील, हे ठरते. टेलिकास्टरच्या टाचेचे टोक सरळ असते, स्ट्रॅटोकास्टरचे गोलाकार. स्ट्रॅटची नेक टेलीच्या खाचेत बसते, पण कोपऱ्यांत फट राहते. टेलीची नेक स्ट्रॅटच्या खाचेत कोपरे अडल्यामुळे नीट टेकतच नाही. स्वस्त गिटारची बॉडी अनेकदा पातळ असते, तिथे हे आकडे गृहीत धरू नयेत. विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा व्हर्नियर कॅलिपरवर भरवसा ठेवणे केव्हाही बरे.

फ्रेटबोर्डसाठी मेपल किंवा शिसव ही नेहमीची लाकडे. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक बंदी आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून जगभरच्या गिटारांवर भारतीय शिसव दिसू लागला होता. दक्षिण भारतातील जंगलांचा हा वृक्ष पश्चिम घाटातही आढळतो. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्याच जाती परवान्याच्या कक्षेत आल्या आणि गिटार परदेशी पाठवणाऱ्यांची अडचण झाली. २०१९ पासून तयार वाद्यांना आणि वाद्यांच्या तयार भागांना सूट मिळाली आहे. नेक विकत घेताना लाकडाच्या नावापेक्षा तिचा सरळपणा, ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली सळई) दोन्ही बाजूंना फिरतो की नाही, आणि फ्रेटची टोके बोटाला टोचतात का, हे पाहावे. अंदाजपत्रकातला मोठा वाटा नेकवर गेला तर त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही, कारण वादकाचा हात सतत तिच्यावरच असतो.

बॉडीच्या लाकडावर वादकांमध्ये हिरिरीने चर्चा होते. आल्डर, अॅश, बासवूड ही प्रचलित लाकडे. भरीव बॉडीच्या गिटारमध्ये आवाज मुख्यतः तार, पिकअप आणि अॅम्प्लिफायर घडवतात. लाकडाचा वाटा त्यामानाने लहान असतो. लाकूड नीट वाळलेले, स्क्रू घट्ट धरणारे आणि खांद्याला न जाणवणाऱ्या वजनाचे असावे, एवढे पुरे. कोरी बॉडी आणली असेल तर तिला पॉलिश किंवा रंग देणे चुकवू नये. मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात उघडे लाकूड ओल शोषते आणि खाचेची मापे बदलतात.

ब्रिजच्या बाबतीत फसगत सर्वांत जास्त होते. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधले अंतर ५६.४ मिमी असते, तर आशियाई बनावटीच्या अनेक ब्रिजमध्ये ते सुमारे ५२.५ मिमी. दिसायला दोन्ही सारखेच, पण एकाच्या भोकांत दुसरा बसत नाही. तारांचा फैलावही त्याबरोबर बदलतो, म्हणून रुंद ब्रिजला अरुंद नेक लावली तर कडेच्या तारा फ्रेटच्या टोकांवरून घसरतात. पिकअपचेही तेच. गिब्सनच्या हंबकर या दोन वेटोळ्यांच्या पिकअपमध्ये सहा तारांखालचे लोखंडी खांब फेंडरच्या फैलावापेक्षा जवळजवळ असतात. व्हॅन हेलनच्या गिटारमध्ये पिकअप तिरका बसलेला दिसतो, तो तारा खांबांवर याव्यात यासाठी. आज रुंद फैलावाचे हंबकर वेगळे मिळतात. खुंट्यांची भोकेही दोन प्रकारची असतात : जुन्या पद्धतीची पावणेनऊ मिमीच्या आसपास आणि नव्या पद्धतीची दहा मिमीची.

नेक बसवताना बॉडीतील भोके इतकी मोकळी हवीत की स्क्रू त्यांतून हाताने सरकेल. आटे फक्त नेकच्या लाकडात धरले पाहिजेत. बॉडीतही आटे धरले, तर स्क्रू कितीही आवळला तरी दोन्ही लाकडांत फट राहते. नेकमध्ये भोके नसतील तर आधी नेक खाचेत धरून मध्यरेषा तपासावी. दोन्ही कडेच्या खुंट्यांपासून ब्रिजच्या कडेच्या सॅडलपर्यंत दोन दोरे ताणले, की ते फ्रेटबोर्डच्या कडांपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. तसे दिसल्यावरच जागा खुणावावी आणि मेपलसाठी सुमारे ३ मिमीचे भोक पाडावे. ड्रिलच्या टोकावर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर भोक फ्रेटबोर्डमधून वर निघते आणि महागडी नेक वाया जाते. स्क्रूला थोडे मेण चोळले की तो कठीण मेपलमध्ये तुटत नाही.

यानंतरचे काम विजेचे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटच्या एका पिकअपला साधारण आठ हजार वेढे असतात आणि मल्टिमीटरवर त्याचा रोध सुमारे ६ किलोओहम दिसतो. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज निर्माण होते. अशा एकाच वेटोळ्याला घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही ऐकू येते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर उपाय काढला, तोच हंबकर : दोन वेटोळी, एकाचा चुंबक आणि वेढे दोन्ही दुसऱ्याच्या उलट. तारेचा आवाज दोन्हींत सारख्या दिशेने येऊन मिळतो आणि बाहेरची गुणगुण परस्परविरुद्ध येऊन रद्द होते. स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप असाच उलटा घेतला, तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी हाच लाभ मिळतो.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र करणाऱ्याला इथे अडचण येते. दोन पिकअप एकटे उत्तम वाजतात, पण एकत्र लावले की आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा आणि लहान होतो. कारण त्यांचे विद्युत संकेत एकमेकांच्या विरुद्ध निघतात. सोल्डर करण्याआधीच याची परीक्षा करता येते. पिकअपच्या दोन्ही वायरींना मल्टिमीटर लावावा, स्क्रूड्रायव्हरचे पाते खांबांवर टेकवावे आणि पटकन उचलावे. एका पिकअपमध्ये आकडा वाढत असेल आणि दुसऱ्यात घटत असेल, तर एकाच्या दोन्ही वायरींची अदलाबदल करायची. पिकअपचे धातूचे आवरण एखाद्या वायरीला जोडलेले असेल तर आधी तो जोड वेगळा करावा लागतो, नाहीतर आवरणच गुणगुण पकडू लागते.

आवाजाचे आणि टोनचे नॉब ज्यांच्यावर बसतात, ते पॉट निवडण्याचा नियम सोपा आहे. एकवेटोळी पिकअपला २५० किलोओहमचा, हंबकरला ५०० किलोओहमचा. पॉटचा रोध जितका जास्त, तितका वरचा, तीक्ष्ण आवाज कमी गळतो. हंबकर मुळात जाड आवाजाचा असल्याने त्याला ती तीक्ष्णता लागते. टोनच्या पॉटवर ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चालतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा कोणत्याही शहरातील इलेक्ट्रॉनिक्स बाजार यांसाठी पुरेसा आहे; फक्त पॉटची दांडी आणि नॉबचे भोक जुळते का ते पाहून घ्यावे, कारण भरीव दांडी आणि खाचेची दांडी यांना वेगवेगळे नॉब लागतात. पॉटच्या पाठीवर सोल्डर करण्याआधी ती सॅंडपेपरने घासावी आणि गरम सोल्डरिंग आयर्न फार वेळ धरू नये, आतला कार्बनचा थर जळतो. ब्रिजपासून पॉटच्या पाठीपर्यंत एक वायर जाणे अत्यावश्यक आहे. ती राहिली तर गिटार सतत गुणगुणते आणि तारांना हात लावला तरी गुणगुण कमी होत नाही.

जोडून झालेली गिटार अजून वाजवण्याजोगी नसते. सेटिंग बाकी असते. तारा सुरात आणल्यावर प्रथम नेकचा बाक पाहावा. पहिला आणि सतरावा फ्रेट दाबून धरला, तर सातव्याजवळ तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड आवळायचा, नसेलच तर सैल करायचा. मग सॅडल उतरवून तारांची उंची सतराव्या फ्रेटवर १.६ ते २ मिमी करावी आणि सॅडलची कमान फ्रेटबोर्डच्या गोलाईशी जुळवावी. जुन्या फेंडरच्या ७.२५ इंच त्रिज्येच्या गोल फ्रेटबोर्डवर तार फार खाली घेतली, तर ती ओढताना आवाज अचानक बंद पडतो. तिथे २ मिमीच ठीक. सॅडल शेवटपर्यंत उतरवूनही तारा उंचच राहिल्या, तर दोष सांध्याच्या कोनाचा असतो, आणि खाचेच्या मागच्या टोकाशी लाकडाची पातळ चकती घातली की तो सुटतो.

यानंतर सूर. बाराव्या फ्रेटवर तारेचा हार्मोनिक वाजवावा, मग तीच तार तिथेच दाबून वाजवावी. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे सरकवून तार लांबवायची, उतरा आला तर पुढे. सॅडलचा स्क्रू संपला आणि सूर तरीही जुळला नाही, तर ब्रिज चुकीच्या जागी बसला आहे असे समजावे. पिकअपची उंची सगळ्यांत शेवटी ठरवावी. जास्त आवाजाच्या मोहाने पिकअप तारेला खेटवला, की चुंबक तार ओढतो, वरच्या फ्रेटवर बेसूर लहरी ऐकू येतात आणि वादक विनाकारण ब्रिजला दोष देत बसतो. शेवटचा फ्रेट दाबून मोजले असता जाड तारांखाली सुमारे अडीच मिमी आणि बारीक तारांखाली दोन मिमी अंतर ठेवावे.

नव्याने जोडलेली नेक पहिल्या वर्षभरात हवामानाबरोबर हलते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके बाहेर डोकावतात. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगून बाक बदलतो. अशा वेळी ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि पुन्हा मोजण्याआधी नेकला एक रात्र द्यावी.