डिस्कचे स्थलांतर

इंदूरहून खंडवा रस्त्याने निघाले म्हणजे सिमरोल लागते. २००९ साली स्थापन झालेल्या आयआयटीचा विस्तीर्ण परिसर आज तेथे आहे. पण संगणक काही त्या आवारापुरताच राहिलेला नाही, तो घरोघरी आला आहे. अशा एखाद्या घरचा मदरबोर्ड जळतो, डिस्क मात्र शाबूत राहते. ती दुसऱ्या संगणकात बसविली, तर सर्व पूर्ववत् चालेल काय?

डिस्कवरील लेख व छायाचित्रे बहुधा सुखरूप असतात. ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट निराळी. होळकर संस्थानच्या रेल्वेने इंदूर-खंडवा मार्ग मीटर गेजचा बांधला होता; ब्रॉडगेजचे इंजिन कितीही उत्तम असले, तरी त्या रुळांवर ते एक पाऊलही चालले नसते. येथेही तसेच होते.

संगणक सुरू होताच मदरबोर्डावरील एक छोटी आज्ञावली डिस्कवर प्रारंभाची जागा शोधते. यूईएफआय पद्धतीत या जागेची नोंद मदरबोर्डाच्याच स्मृतीत असते. म्हणजे ती जुन्या यंत्रापाशीच राहिली! नवे यंत्र मग ठरावीक जागी शोध घेते, आणि तेथे काही न सापडल्यास डिस्क रिकामी असल्यासारखे वागते. ही पायरी ओलांडली तरी डिस्क-नियंत्रकाशी बोलणारा ड्रायव्हर हवा. जुने यंत्र एएचसीआय रीतीने व नवे रेड रीतीने चालत असेल, तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. अशा वेळी यंत्राच्या सेटिंगमध्ये जुनीच रीत निवडून पाहावी. विंडोज १० व त्यानंतरच्या आवृत्त्या याबाबतीत बऱ्याच समजूतदार आहेत. लिनक्स त्याहून सोशिक. त्याच्या गाभ्यात बहुतेक ड्रायव्हर आधीपासूनच असतात.

खरी अडचण कुलपाची आहे. बिटलॉकरने डिस्क कूटबद्ध केली असेल, तर तिची किल्ली सामान्यतः जुन्या यंत्राच्या टीपीएम चिपमध्ये असते. नवे यंत्र दिसताच विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागते, आणि ती नसेल तर डिस्कवरील एक अक्षरही वाचता येत नाही. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, नव्याने स्थापना करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, तर हे कुलूप बहुधा आपोआप लागते. घरच्यांना त्याची वार्ताही नसते. ती किल्ली त्या खात्यात जतन होते. यंत्र धड चालू आहे तोवरच ती पाहून कागदावर उतरवून ठेवावी.

परवान्याचे थोडक्यात सांगायचे, तर यंत्रासोबत आलेला विंडोजचा परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला दुसरीकडे नेता येतो.

डिस्क हलविण्यापूर्वी महत्त्वाच्या सामग्रीची प्रत दुसरीकडे घ्यावी. मदरबोर्ड आधीच गेला असेल, तर डिस्क बाहेरून यूएसबी पेटीत जोडून पाहावे. लिनक्सची डिस्क विंडोजला जोडल्यास ‘ही फॉरमॅट करावयाची काय?’ असा प्रश्न विंडोज विचारते, कारण तिची मांडणी त्याला वाचता येत नाही. त्यास ‘नाही’ म्हणावे, आणि डिस्क लिनक्स असलेल्या संगणकाकडे न्यावी.