वजनकाटा नेमकं काय मोजतो?



पेट, नेट-सेटची तयारी करणाऱ्यांचा दिवस कसा जातो ते आपल्याला माहीत आहे. सकाळी नऊला अभ्यासिकेत बसायचं, मध्ये चहा, दुपारी मेस, पुन्हा खुर्ची. दोन वर्षांत पोट पुढे येतं. मग एखाद्या सोमवारी निश्चय होतो आणि जळगावात मेहरूण तलावाला, धुळ्यात पांझरेच्या काठाने चालणं सुरू होतं. पंधरा दिवसांनी वजनकाट्यावर उभं राहिलं की आकडा तोच. "आपल्याला काही सूट होत नाही" म्हणत चालणं बंद.

चालण्यात चूक नव्हती. मोजण्यात होती. पीएच.डी.ला पहिल्याच वर्षी शिकवतात की आधी तुमचं उपकरण काय मोजतं आणि किती बारीक फरक पकडू शकतं ते बघा. तोच नियम इथे लावून बघू.

पंधरा दिवसांचा हिशोब

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा सल्ला महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलाय: दिवसातून दोनदाच जेवायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यातलं फक्त चालणं घेऊ. वेग झाला मिनिटाला १०० मीटर.

व्यायामशास्त्रात एक साधं समीकरण वापरतात. सपाट रस्त्यावर चालताना दर मिनिटाला, शरीराच्या दर किलोमागे लागणारा ऑक्सिजन (मिलिलिटरमध्ये) म्हणजे ०.१ गुणिले वेग, अधिक ३.५. यातले ३.५ नुसतं बसून राहिलात तरी लागतातच, म्हणून ते सोडू. उरले १०. तुमचं वजन ७० किलो असेल तर १० × ७० × ४५ = ३१,५०० मिलि, म्हणजे साडेएकतीस लिटर ऑक्सिजन. एका लिटरमागे साधारण ५ किलोकॅलरी धरल्या तर चालण्याचा जादा खर्च झाला सुमारे १५७ किलोकॅलरी.

आता जमेची बाजू. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी असतात, म्हणजे ही सगळी चाल साडेसतरा ग्रॅम तेलात फिटते. मोजमापाच्या १५ मिलिच्या चमच्याने सव्वा चमचा. शेवभाजीच्या वाटीवर जो लाल तवंग दिसतो, त्यात एवढं तेल सहज असतं. वरची मूठभर शेव म्हणजे पुन्हा जवळपास तेवढंच.

समजा तुम्ही तेल-शेव वाढवलं नाही, आहार तसाच ठेवला. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात असं धरतात. पंधरा दिवसांचे १५७ × १५ = २,३५५. म्हणजे कमी झालेली चरबी सुमारे ३०० ग्रॅम, तीही अगदी आदर्श परिस्थितीत. प्रत्यक्षात शरीर थोडी भरपाई करतं. भूक वाढते, उरलेल्या दिवसात हालचाल नकळत कमी होते. त्यामुळे आकडा याहूनही लहान निघू शकतो.

उलट आपलं वजन एका दिवसात एखादा किलो इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे. काल रात्री खारट जास्त खाल्लं, पाणी कमी-जास्त प्यायलं, पोट साफ झालं नाही, मुलींच्या बाबतीत पाळीच्या आधीचे दिवस असले, की काटा हलतो. म्हणजे ३०० ग्रॅमचा संकेत आणि एक किलोचा गोंगाट! अशा डेटावरून "काही फरक पडला नाही" हा निष्कर्ष तुमचे गाइड मान्य करतील का?

याच गोंगाटावर 'आठ दिवसांत तीन किलो'वाल्या जाहिराती चालतात. भात-पोळी अचानक बंद केली की स्नायू आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन संपतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात खरे, पण त्यात चरबी फार थोडी असते. पोळी पुन्हा सुरू झाली की पाणी परत येतं, आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

गोंगाट हा एक प्रश्न झाला. दुसरा जास्त मूलभूत आहे: वजन हे माप योग्य आहे का? संशोधनाच्या भाषेत वैधता.

याचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. त्यात दोघांचे शेजारी-शेजारी फोटो आहेत. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. डेक्सा नावाच्या क्ष-किरण तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हेही त्या टिपणात गमतीने नोंदवलंय.

याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी पडत होते ते मुख्यतः स्नायू. वरून बारीक, आतून चरबी जास्त, ही ठेवण आपल्याकडे जन्मापासून दिसते.

म्हणूनच आपल्यासाठी मर्यादा वेगळ्या आहेत. जगभर बीएमआय २५ च्या पुढे जास्त वजन धरतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती रेषा २३ वर आणली आणि २५ पासून लठ्ठपणा धरला. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर झाला की सावध व्हायचं. "मी तर काटकुळा, मला काय होणार" असं म्हणणाऱ्या आणि घरात आई-वडिलांना शुगर असलेल्या मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

काटा तोच, आजार मात्र कमी

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा अभ्यास. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर प्रयोग केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चार गट होते: फक्त नेहमीचा सल्ला, जीवनशैलीत बदल, मेटफॉर्मिन गोळी, आणि दोन्ही एकत्र. जीवनशैली म्हणजे रोजचं चालणं आणि आहारात साखर, तेल, मैदा कमी. जिम नाही, पावडर नाही.

साधारण तीन वर्षांत नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर जीवनशैली गटात ३९.३ टक्के. म्हणजे सापेक्ष घट २८.५ टक्के. विशेष म्हणजे जीवनशैली गटाचं वजन लक्षणीय असं घटलंच नव्हतं!

या लोकांनी पंधराव्या दिवशी काटा बघून चालणं सोडलं असतं तर? खरा फायदा होत होता, पण तो त्यांच्या उपकरणाला दिसत नव्हता.

'टोनिंग' म्हणजे काय?

शरीरशास्त्रात टोनिंग असा काही वेगळा प्रकार नाही. त्वचेखालची चरबी कमी झाली आणि खालचा स्नायू टिकला किंवा वाढला, की अंग घट्ट दिसतं. पोटाचे व्यायाम केले म्हणून फक्त पोटावरचीच चरबी निवडून जळत नाही. चरबी रक्तावाटे सगळ्या शरीरातून वापरली जाते.

नुसतं खाणं तोडलं तर चरबीसोबत स्नायूही जातो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा एक अभ्यास बघा. ४० तरुणांना चार आठवडे ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि भरपूर व्यायाम करून घेतला. एका गटाला दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची ३.५ किलो चरबी गेली आणि स्नायूंसह चरबीविरहित वस्तुमान फक्त ०.१ किलो वाढलं. दुसऱ्याची ४.८ किलो चरबी गेली आणि ते वस्तुमान १.२ किलो वाढलं. आता वजाबाकी करा. काट्यावर दोन्ही गट जवळपास सारखेच! अर्थात सहभागी सगळे तरुण पुरुष होते, जादा वजनाचे होते आणि व्यायाम देखरेखीखाली होता. हा निकाल सरसकट सगळ्यांना लावू नका.

आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. चालण्याला ताकदीच्या व्यायामाची जोड हवी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगते. आपल्या आखाड्यातल्या दंड-बैठका त्यात बरोबर बसतात. खोलीच्या भाड्याशिवाय पैसे लागत नाहीत.

प्रथिनांची भारतीय शिफारस दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. मेसच्या पातळ वरणावर हे जमणं अवघड. इथे खान्देशी ताट मदतीला येतं. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद दळलेला असतो. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात ते भरपूर. दोन्ही मिळून प्रथिनांचा दर्जा सुधारतो. सोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत, पण त्यावर तेल ओतताना वरचं गणित आठवावं. अंडं खात असाल तर एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. शेंगदाण्यात प्रथिनं चांगली, पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून जास्त किलोकॅलरीही असतात. त्यामुळे मूठ लहान ठेवा.

दोनदा खायचं की थोडं थोडं?

या वादात घराघरांत दोन पक्ष पडलेत. चीनमधल्या ग्वांगझूत १३९ लठ्ठ व्यक्तींवर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी होत्या. एका गटाने फक्त सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खायचं होतं. वर्षभरात त्या गटाचं वजन ८ किलोने कमी झालं, तर दुसऱ्याचं ६.३ किलोने. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता.

वाचताना एक लक्षात ठेवा: "फरक सिद्ध झाला नाही" आणि "फरक नाही हे सिद्ध झालं" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मुलाखतीत हमखास विचारतात. व्यवहारात मात्र एवढं म्हणता येईल की जी पद्धत तुम्हाला मेसच्या वेळा सांभाळून वर्षभर पाळता येते, तिचं पारडं जड.

मग मोजायचं काय?

१. वजन: रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी. रोजच्या आकड्यावर विचार करायचा नाही. सात दिवसांची सरासरी काढायची आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करायची. चढउतार एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर सरासरीतला गोंगाट वर्गमूळ सातने, म्हणजे सुमारे अडीच पटीने कमी होतो.

२. कंबर: शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. पंधरा दिवसांतून एकदा, तीनदा मोजून सरासरी.

३. ताकद: एका दमात किती बैठका, किती दंड. दर पंधरा दिवसांनी.

४. निर्णय: बारा आठवड्यांच्या आधी "उपयोग नाही" असं म्हणायचं नाही. हा कालावधी आजच वहीत लिहून ठेवा. आकडे बघून नंतर मुदत बदलणं म्हणजे निकाल बघून गृहीतक बदलणं.

खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा चालणं सकाळी सातच्या आत उरका. मधुमेहाची औषधं चालू असतील, वजन आधीच कमी असेल, ॲनिमिया असेल किंवा जेवणाबद्दल सतत भीती-अपराधी वाटत असेल, तर उपास-तापास सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. अशा स्थितीत रोज वजन करणंही टाळलेलं बरं.

जाता जाता गृहपाठ. तुमच्या अभ्यासिकेतल्या तीस जणांवर 'बारा आठवडे चालणं आणि बैठका' असा प्रयोग करायचा आहे. मुख्य परिणाम म्हणून वजन घ्याल, कंबर घ्याल की बैठकांची संख्या? कंट्रोल ग्रुपला काय सांगाल? आणि मध्येच सोडून गेलेल्या आठ जणांचं विश्लेषणात काय कराल? एका पानात लिहून बघा. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा हेच तीन प्रश्न पुन्हा समोर येणार आहेत.