पायात सापडलेला बंडखोर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सी नावाचं गाव आहे. तिथल्या रोमन किल्ल्याच्या तटाला एके काळी भरतीचं पाणी लागत असे. खाडी गाळानं भरत गेली आणि किल्ला समुद्रापासून किलोमीटरभराहून अधिक आत राहिला. तट मात्र काही ठिकाणी अजून सातआठ मीटर उंच आहे.

हा तट कोणाच्या धाकानं बांधला? इसवी सन 400च्या सुमाराच्या एका रोमन अधिकारसूचीत ‘सॅक्सन किनाऱ्या’वरचे नऊ किल्ले नोंदले आहेत, त्यांत हाही आहे. त्यावरून सॅक्सन चाचांना अडवायला रोमनं ही साखळी उभारली, असं सरळ उत्तर रूढ झालं. पण ती सूची किल्ल्यापेक्षा शंभर वर्षांनी तरुण आहे.

ते कळलं पायातून. जमीन भुसभुशीत, म्हणून बांधणाऱ्यांनी खोल चर खणून ओकचे खुंट ठोकले आणि वर दगडांचा भराव घातला. ओलीत हवा न लागल्यामुळे लाकूड टिकलं. ओकच्या खोडाला दरवर्षी एक कडं चढतं. चांगल्या सालचं रुंद, वाईट सालचं अरुंद. हा क्रम ज्ञात क्रमाशी जुळवला की झाड कधी तोडलं ते कळतं. सालीलगतची कडी नासलेली असली, तर मात्र नेमकं वर्ष न मिळता वर्षांचा पल्ला मिळतो. 1994च्या उत्खननानंतर इथं मिळालेला पल्ला होता 280 ते 300. त्याच पायात कॅरॉसियस आणि अलेक्टस यांची नाणी निघाली.

हे दोघेही रोमचे बंडखोर. चाचांचा बंदोबस्त करायला नेमलेल्या आरमारप्रमुख कॅरॉसियसवर लूट स्वतःकडे ठेवल्याचा आरोप आला, तेव्हा 286च्या सुमारास त्यानं स्वतःलाच सम्राट म्हणवून ब्रिटन ताब्यात घेतलं. 293 मध्ये त्याला अलेक्टसनं मारलं, आणि 296 मध्ये रोमच्या फौजेनं अलेक्टसला. म्हणजे पेव्हेन्सीचा तट उभा राहिला तेव्हा समुद्रापलीकडचा सर्वांत मोठा शत्रू खुद्द रोम होता. पोर्टचेस्टरसारख्या इतर किल्ल्यांना हे उत्तर जसंच्या तसं लावता येणार नाही. पेव्हेन्सीपुरतं मात्र मला तेच पटतं.

याच किल्ल्यानं अभ्यासकांना एकदा फसवलंही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं सम्राट होनोरियसच्या नावाचा ठसा असलेल्या विटा ‘सापडल्या’. रोमनं ब्रिटनमधल्या आपल्या सत्तेच्या अगदी शेवटपर्यंत किल्ल्याची डागडुजी केली, याचा तो पुरावा ठरला. भाजलेली माती पुन्हा तापवली की मंद प्रकाश देते आणि त्यावरून ती कधी भाजली ते काढता येतं. 1970च्या दशकात ही चाचणी झाली आणि विटा आधुनिक निघाल्या. त्या पुढे आणणारे चार्ल्स डॉसन म्हणजे पिल्टडाउनची बनावट कवटी ‘शोधणारे’ गृहस्थ. संशय त्यांच्यावरच आहे.

1940 मध्ये जर्मन उतरतील म्हणून याच जुन्या तटांत मशीनगनची ठाणी बांधली गेली. दुरून ओळखू येऊ नयेत म्हणून ती भोवतालच्या दगडी बांधकामात मिसळून टाकली. ती आजही तिथं आहेत.